बाळ आल्यावर पहिल्या महिन्यात नेमकी कुठली मदत कामी येते?

होऊ_घातलेला_बाबा
नमस्कार मंडळी. बायकोचा आठवा महिना संपत आलाय, रिपोर्ट सगळे छान आहेत, आमचं पहिलंच. सध्या घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातोय. एक म्हणतो बाळाला सारखं उचलू नका सवय लागेल, दुसरी म्हणते खाली ठेवूच नका, तिसरीचं म्हणणं रडू दे, फुप्फुसं मजबूत होतात. बायको सगळ्यांचं ऐकून घेते आणि रात्री मला विचारते की आपण नक्की कोणाचं ऐकायचं.

म्हणून इथे विचारतोय. बाळ घरी आल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यात तुम्हाला कुठल्या माणसाची कुठली मदत खरोखर कामी आली? आणि काय अजिबात नको होतं? विशेष करून बाबा लोकांनी सांगा. पाजणं सोडून बाकी सगळं मी करणार असं ठरवलंय, पण ते "बाकी सगळं" म्हणजे काय याची नीट यादीच डोळ्यासमोर येत नाहीये. मोठं लिहिलंत तरी चालेल, दोघं मिळून वाचतोय.

दोघींची_आई
अभिनंदन दोघांचं! मला सगळ्यात कामी आली ती माझी जाऊ. तिने एकदाही विचारलं नाही काय करू म्हणून. यायची, बाळाचं पिऊन झालं की खांद्यावर घ्यायची आणि मला म्हणायची, "जा आंघोळीला, कडी लाव आतून, मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही." पहिल्या दिवशी मी लगेच बाहेर आले तर परत पाठवलं, केस कोरडेच आहेत अजून म्हणून.

"काही लागलं तर सांग हं" म्हणणारे खूप होते आणि मनापासून म्हणत होते, पण त्या दिवसांत आपल्याला काय लागतंय ते शोधायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं, वर संकोच गिळून फोन करायचा, एवढी ताकदच नसते हो अंगात. विचारायचंच असेल तर असं विचारा की भांडी घासू का कपडे वाळत घालू.

पाचवा_मजला
पाहुण्यांबद्दल कोणीतरी बोला रे आधी!! आमच्या दारावर माझ्या भावाने कागद चिकटवला होता, "बाळ झोपलंय, बाळाची आई झोपलीय, बाबा भांडी घासतोय. मदतीला आला असाल तर बेल वाजवा." निम्मे लोक हसून परत गेले, उरलेले खरंच ओटा पुसून गेले.

रात्रपाळी
@होऊ_घातलेला_बाबा, "बाकी सगळं" म्हणजे काय ते मी सांगतो.

रात्री बाळ कुरकुरलं की उठायचं आपण. लंगोट बघायचा, बदलायचा, मग बाळ तिच्या हातात द्यायचं, पाठीमागे उशी सरकवायची, पाण्याचा तांब्या तिच्या हाताला येईल असा ठेवायचा. पिऊन झालं की बाळ परत आपल्याकडे, उभं धरून ढेकर काढायची, झोपवायचं. म्हणजे तिची जाग फक्त पाजण्यापुरती, आणि पाजून झालं की ती लगेच आडवी. हा फरक कागदावर लहान दिसतो पण आठवडाभरात चेहऱ्यावर दिसायला लागतो.

दुसरं म्हणजे वही. आम्ही कपाटाच्या दाराला एक वही दोरीने टांगली होती, कधी पाजलं, शू कधी, शी कधी आणि कुठल्या रंगाची. ती वही माझ्याकडे होती. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील तर दूध पोटात जातंय असं धरायचं, हे आम्हाला नर्सने सांगितलं होतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. हे आधी माहीत असल्यामुळे काट्यावर आकडा कमी दिसला तेव्हा आम्ही घाबरलो नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वही पुढे केली, सगळं मिनिटात उरकलं.

तिसरं, फोन. तिचा फोन आपण उचलायचा. कोण येणार, कधी येणार, नको येऊ, हे सगळं आपण बोलायचं. वाईटपणा आपल्या नावावर.

निवांतक्षण
+१ फोनबद्दल

आजी_झाले
मुलांनो, तुमचं सगळं वाचलं. आमच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. आम्ही सांगतो ते त्रास द्यायला नाही. आपल्या मुलीचे डोळे खोल गेलेले दिसतात, हातात काही नसतं, मग जे माहीत आहे ते तोंडातून बाहेर पडतं. मला सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, तुम्ही मला नाही सांगितलंत तरी चालेल पण तुम्ही जवळ बसा." त्यानंतर मी पाजताना नुसती शेजारी बसायचे, तिला घाम आला की पुसायचे. मला वाटतं तिने मागितलं म्हणून मला कळलं. तेव्हा ज्येष्ठांना दारातून परत पाठवू नका, त्यांना काम द्या.

आणि एक विचारायचं होतं. आमच्या वेळी डॉक्टरच सांगत बाळाला पालथं झोपवा, उलटी झाली तर घशात जाणार नाही. आता म्हणतात उताणंच. हे का बदललं?

बालडॉक
आजी, प्रश्न छान विचारलात. तेव्हाचा तो सल्ला चांगल्या हेतूनेच दिला जायचा. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं की झोपेत अचानक दगावलेल्या बाळांमध्ये पालथी झोपवलेली बाळं फार जास्त होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून तिथे मोठी मोहीम झाली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उताण्या बाळाच्या घशात दूध अडकेल ही भीतीही खरी ठरली नाही, निरोगी बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. तेव्हा झोपताना उताणं, सपाट घट्ट गादी, जवळ उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. जागं असताना आपल्या डोळ्यांदेखत पालथं जरूर घाला, मान धरायला मदत होते.

मूळ प्रश्नाला धरून. सल्ला कोणाचा ऐकायचा यावर माझं मत असं की बहुतेक सल्ले ऐकले काय, नाही ऐकले काय, बाळाचं काही बिघडत नाही. टोपरं घालायचं की नाही यावर भांडू नका. उचलून घेतल्याने सवय लागत नाही, पहिल्या महिन्यांत बाळाला जवळ घ्यायचं तेवढं थोडंच आहे. रडून फुप्फुसं मजबूत होतात यात तथ्य नाही.

पण काही गोष्टींत तडजोड नको, मग सांगणारा कितीही मोठा असो. झोपवणं वर सांगितलंच. पहिले सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर एक वर्षापर्यंत चाटवायचाही नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, रात्र असो की पहाट, दवाखाना. बाळ प्यायला उठतच नाहीये, अंग ढिलं पडलंय, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर, हिरवी उलटी, फिट, यातलं काहीही दिसलं तर इथे येऊन विचारत बसू नका. आधी निघा.

ठाम_मत
डॉक्टर, काविळीबद्दल सांगायचं राहिलं की. सकाळच्या उन्हात धरलं की जाते ना?

बालडॉक
ऊन हा उपचार नाही. काविळीचा अंदाज डोळ्यांनी घेता येत नाही, मोजावी लागते. बऱ्याच बाळांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी थोडी दिसते आणि आपोआप उतरते, काहींना निळ्या लाइटखाली ठेवावं लागतं. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर मात्र ती साधी कावीळ धरायची नाही, लगेच दाखवायचं. आणि दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा आहे, शी पांढरट आणि शू गडद, तर यकृताच्या पित्तनळ्या बंद असण्याची शक्यता असते. त्याचं ऑपरेशन शक्यतो दोन महिन्यांच्या आत व्हावं लागतं, म्हणून त्यात वेळ घालवायचा नाही. @रात्रपाळी यांच्या वहीतला शीच्या रंगाचा रकाना म्हणूनच मला फार आवडला.

निवांतक्षण
काय नको होतं ते मी लिहिते. "दूध पुरतंय ना?" हा प्रश्न. दारातून आत येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता हेच विचारायचा. माझ्या लेकीला अंगावर पाजायचा मी जीव तोडून प्रयत्न केला, भेगा पडल्या, रक्त यायचं, वजन वाढत नव्हतं, शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध सुरू केलं. लेक मस्त आहे आज. पण त्या दिवसांत मी पाहुणे आले की बाटली उशीखाली लपवायचे. ज्या घरात आईला बाटली लपवावी लागते त्या घरात मदत कसली आलीय. म्हणून अंगावरच पाजा, अंगावरच पाजा हा जो धोशा असतो ना त्याला माझा विरोध आहे.

वॉर्डातली_ताई
@निवांतक्षण, वाचून वाईट वाटलं. भेगा आणि रक्त म्हणजे बाळ नीट धरलं जात नव्हतं आणि ते बघायला तुमच्या शेजारी कोणी बसलं नाही. मी बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते, तुमच्यासारख्या बायका रोज बघते. धोशा लावणारे खूप असतात, तासभर बसून दाखवणारं कोणी नसतं.

होणाऱ्या आईबाबांसाठी लिहून ठेवते. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, चमचा-दोन चमचे, आणि तेवढाच पुरतो कारण बाळाचं पोटच एवढंसं असतं. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास उतरतं, सिझर असेल तर कधीकधी थोडं उशिरा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे नॉर्मल आहे, संध्याकाळी तर काही बाळं सुटतच नाहीत छातीपासून, त्याचा अर्थ दूध कमी पडतंय असा नाही. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, नुसती बोंडी नाही तर भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात, हनुवटी छातीला टेकलेली, बाळाचं पोट आईच्या पोटाला. बाळाकडे आईने वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं. पहिले काही क्षण सोडले तर दुखायला नको. दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि परत लावायचं. छाती लाल, गरम होऊन ताप आला तरी पाजणं थांबवायचं नाही, पाजत राहायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

आणि वरचं दूध द्यावं लागलं तर त्यात कसलाही कमीपणा नाही. पावडर निर्जंतुक नसते म्हणून उकळून थोडं निवलेलं पण ७० अंशांच्या खाली न गेलेलं पाणी वापरून करायचं, मग कोमट करून द्यायचं, डब्यावरच्या मापानेच. पुरावं म्हणून पातळ करायचं नाही. ही माहिती बायकांना कोणी देत नाही कारण सगळे गप्प बसतात, आणि त्यात बाळाला धोका होतो.

निवांतक्षण
ताई, तुम्ही तेव्हा भेटायला हवा होतात. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही, आधी आईला विचारा तिला काय हवंय, मग शिकवा.

वॉर्डातली_ताई
मान्य. अगदी मान्य.

जागतेय_मी
इथे लिहावं की नाही कळत नाहीये. माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे. रोज संध्याकाळी जे रडायला लागतं ते थांबतच नाही, डॉक्टर म्हणाले बाळ ठणठणीत आहे. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, नुसती छताकडे बघत पडते. सगळे म्हणतात आनंदात राहा, नाहीतर दुधावर परिणाम होतो, म्हणून हसते सगळ्यांसमोर. त्याच्याकडे बघून मला काही वाटतच नाही, सगळं करते त्याचं पण मशीनसारखं. कालपासून वाटतंय की माझ्याशिवाय हे लोक जास्त सुखात राहतील.

दोघींची_आई
आत्ता बघितलं. तू लिहिलंस ते फार बरं केलंस. घरी आत्ता कोण आहे तुझ्याजवळ? जागं कर त्यांना, उद्यावर ढकलू नकोस. मी आहे इथे, लिहीत राहा.

वॉर्डातली_ताई
@जागतेय_मी, बाळा, नीट ऐक. तू वाईट आई नाहीस आणि तू एकटीही नाहीस. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुला पाच आठवडे झालेत, झोप नाही, काही वाटेनासं झालंय, म्हणजे हा आजार आहे. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन. जगभरात जवळपास १३ टक्के बायकांना बाळंतपणानंतर असा मानसिक त्रास होतो, आणि त्याला उपचार आहेत, समुपदेशन आहे, पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. तुझ्या शेवटच्या वाक्यामुळे मी तुला स्पष्ट विचारते, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतंय का? येत असेल तर आत्ताच घरातल्या माणसाला उठव आणि हेच वाक्य सांग, आणि आजच्या आज डॉक्टर, उशीर झाला असेल तर सरळ इमर्जन्सी. तोवर एकटी राहू नकोस. इतकं जड बोलायला येत नसेल तर फोन त्यांच्या हातात दे, हे वाचायला सांग.

रात्रपाळी
तुमच्या घरातल्यांसाठी लिहितो. तिला समजावू नका, "बाळाकडे बघ किती गोड आहे" म्हणू नका. बाळ तुम्ही घ्या, तिला झोपू द्या, आणि डॉक्टरची वेळ तुम्ही घ्या, सोबत जा. आमच्या घरी हे माझ्या बाबतीत झालं होतं, हो, बाबाच्या. लेक झाल्यावर मी घरी यायचं टाळायचो, गाडीत बसून राहायचो. बापांमध्येही साधारण दहात एकाला होतं असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा श्वास आल्यासारखं वाटलं. उपचार घेतले, बरा झालो.

बालडॉक
रडण्याबद्दल एक, कारण त्यामुळे अपराधी वाटतं. ब्राझेल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी निरोगी बाळांच्या आयांना रडण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या, १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं सगळ्यात जास्त, दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास, जास्त करून संध्याकाळी, आणि मग उतरत जातं. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं शांत होतात. म्हणजे पाच आठवड्यांचं बाळ संध्याकाळी रडतंय यात तुमचं काही चुकत नाहीये. असह्य झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटा आणि थोडा वेळ बाहेर जाऊन बसा. काही होत नाही. बाळाला गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही, एका क्षणात मेंदूला इजा होते. हे बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

ठाम_मत
राग मानू नका पण हे डिप्रेशन वगैरे आजकाल जास्त झालंय. आमच्या आयांना चार-चार मुलं झाली, त्यांना कुठे वेळ होता डिप्रेस व्हायला.

आजी_झाले
होतं रे बाबा. माझ्या थोरल्या बहिणीला दुसऱ्या बाळंतपणानंतर झालं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घरात सगळे म्हणायचे हिला मुलाचं कौतुकच नाही, कामाचा कंटाळा आहे. कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. ती वर्षभराने सावरली पण ते बोलणं तिने आयुष्यभर मनात ठेवलं, म्हातारपणी एकदा माझ्याजवळ बोलली. तुला माहीत नाही म्हणून ते नव्हतं असं म्हणू नकोस.

ठाम_मत
आजी, हे मला ठाऊक नव्हतं. आईशी बोलेन या विषयावर.

कोरी_पाटी
विषय निघालाय तर सांगते, त्यासाठी एक साधी प्रश्नावली असते. एडिनबर्गची, १९८७ ची, फक्त १० प्रश्न. गेल्या सात दिवसांत मला हसू येत होतं का, उगाच स्वतःला दोष देत होते का, असे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. निदान डॉक्टरच करतात, पण कोणी तोंडाने बोलत नसेल तर कागदावर खूण करणं सोपं जातं. माझ्याकडून आमच्या नर्सने भरून घेतली होती.

आणि नुसत्या बोलण्याने काय होणार असं वाटत असेल तर कॅनडातल्या ओंटारिओमधला एक अभ्यास आहे, २००९ चा. जास्त धोका असलेल्या ७०० च्या आसपास आया, त्यातल्या निम्म्यांना फोनवर बोलायला एक मैत्रीण दिली, जी स्वतः यातून बरी झालेली. व्यावसायिक नव्हे, थोडंसं प्रशिक्षण घेतलेली साधी बाई. बारा आठवड्यांनी बघितलं तर त्या गटात डिप्रेशनचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. फोनवरच्या गप्पा हो! मी हे वाचल्यापासून ओळखीत कोणाला बाळ झालं की पुढचे दोन-तीन महिने नियमित फोन करते, बाळाचं नंतर, आधी तिचं विचारते.

पाचवा_मजला
@जागतेय_मी कशी आहेस? खूण तरी टाक

जागतेय_मी
नवऱ्याला उठवलं होतं. त्याने सगळा धागा वाचला, मग रडला. काल डॉक्टरकडे जाऊन आलो, उपचार सुरू झालेत, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. आई येऊन राहिलीय, रात्री मला एकटी ठेवत नाहीत. बरं वाटायला वेळ लागेल असं सांगितलंय. रडणं तसंच आहे बाळाचं पण आता रडायला लागलं की नवरा घेऊन गच्चीत जातो. ताई, तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून सांगता आलं मला.

वॉर्डातली_ताई
शाब्बास. औषध मनाने बंद करू नकोस. आणि परत तो विचार आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, तसंच निघायचं.

मूठभर_वजन
बाबांनी काय करावं यात माझी भर. आमचं बाळ आठव्या महिन्यातच आलं, दीड किलोचं. मला वाटलं होतं मी काचेबाहेर उभा राहणार. नर्सने मला शर्टाची बटणं काढायला लावली आणि लंगोट-टोपी एवढंच घातलेलं बाळ माझ्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडलेले, नाकात नळी, वरून कापड गुंडाळलं. मॉनिटरवर श्वासाचा आकडा वरखाली होत होता तो हळूहळू एका जागी टिकायला लागला. हीच कांगारू पद्धत, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटामध्ये इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी सुरू केलेली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यावर लवकरात लवकर असंच ठेवा, दिवसातले ८ ते २४ तास. बायको शुद्धीवर येऊन सावरेपर्यंत मीच घेतलं. पूर्ण दिवसांच्या बाळालाही चालतं, त्यामुळे @होऊ_घातलेला_बाबा, बटणाचे शर्ट काढून ठेवा. फक्त असं घेऊन सोफ्यावर झोपायचं नाही, पेंग आली की बाळ पाळण्यात.

होऊ_घातलेला_बाबा
सगळ्यांचे मनापासून आभार, बटणाचे शर्ट आणि वही दोन्ही काढून ठेवलंय. भावाला दारावरच्या कागदाचं सांगितलं, तो आत्ताच लिहायला बसलाय. बाळासाठी कधी धावायचं ते कळलं. बायकोसाठी कधी धावायचं?

वॉर्डातली_ताई
हा प्रश्न विचारणारे फार कमी भेटतात. आत्ता पोटात असताना, बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवा. शेवटी जागा कमी असते म्हणून हालचाल कमी होते असं म्हणतात, ते खरं नाही. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकतंय, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, तर बीपी बघायला लगेच जा. हे बीपीचं दुखणं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही येऊ शकतं, लोकांना वाटतं बाळ झालं, सुटलो.

नंतरचं: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गाठी जातायत, ताप, घाण वास, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं. आणि अचानक वेगळंच बोलायला लागली, झोपेची गरजच वाटत नाही, नसलेलं दिसतंय-ऐकू येतंय, तर तीही इमर्जन्सी आहे, हजारात एखाददुसरीला होतं पण होतं. बाळाच्या लसीची तारीख सगळ्यांना पाठ असते, तिची तपासणी राहून जाते. ती तारीख तुमच्या फोनमध्ये टाका.

होऊ_घातलेला_बाबा
टाकली. आता लिहितेय ती मी, बायको. दोन दिवस धागा वाचतेय. सासूबाईंना आणि माझ्या आईला पण वाचून दाखवला, आजी_झाले यांचं लिहिलेलं ऐकून दोघी एकदम गप्प झाल्या आणि मग विचारलं, तुला काय हवंय ते सांग. मी सांगितलं, दूध पुरतंय का असं कोणी विचारायचं नाही, आणि दुपारी दोन तास मला कोणी उठवायचं नाही. मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर तेवढं आहे, बाकी कपडे वाळत घाला :)

ताई, एकच विचारायचंय. बाळ आडवं आहे, सिझर होऊ शकतं म्हणाले. टाके असताना पाजायला घ्यायचं कसं? पोटावर भार येईल ना?

वॉर्डातली_ताई
येत नाही, दोन पद्धती आहेत. एक, कुशीवर झोपून, पाठीला आणि गुडघ्यांमध्ये उशी, बाळ तुझ्याकडे तोंड करून कुशीवर. दुसरी, बसून, बाळ काखेत धरायचं, पाय तुझ्या पाठीकडे, डोकं तळहातावर, खाली उशी. दोन्हीत बाळ टाक्यांपासून लांब राहतं. पहिल्या वेळी उशा लावायला आणि बाळ हातात द्यायला दुसरं माणूस लागतं, तेव्हा त्याला आत्ताच एखादी उशी घेऊन सराव करायला लाव. आणि ऑपरेशन झाल्यावर बाळ लवकरात लवकर छातीवर द्या असं आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, भूल कमरेखाली असेल तर बहुतेक वेळा तिथेच देता येतं.